झमझमच्या वाटेवरचे सहा ट्रक : सुदान सरकारला खुलं पत्र

दि. १२ मार्च २०२५

प्रति,
मा. राजदूत, सुदान प्रजासत्ताक, नवी दिल्ली
प्रत : मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

महोदय,

उत्तर दार्फुरमधल्या झमझम छावणीत २४ फेब्रुवारीला एमएसएफने ('डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही वैद्यकीय संस्था) आपलं रुग्णालय बंद केलं. दोन दिवसांनी जागतिक अन्न कार्यक्रमानेही तिथलं वाटप थांबवलं. छावणीतला बाजार त्याआधीच, फेब्रुवारीच्या मध्यावर झालेल्या हल्ल्यात जळाला होता. बाहेरून ट्रक येत नव्हते, तेव्हा लोकांना कूपन देऊन याच बाजारातून धान्य घ्यायला लावत होते. बाजार गेला, तशी ती शेवटची सोयही गेली. आत किमान पाच लाख माणसं आहेत आणि रमजान चालू आहे.

आम्ही कुपोषण, पाणीपुरवठा आणि शिधावाटप या तीन कामांतली माणसं. दंडाचा घेर मोजणं, टँकरच्या खेपा लावणं, गोदामातल्या पोत्यांचा ताळा बसवणं हे आमचं रोजचं काम. म्हणून या पत्रात भावनेपेक्षा आकडे जास्त आहेत. सोबत इंग्रजी प्रत जोडली आहे, तरी मूळ पत्र मराठीतच लिहिलं, कारण त्यातला हिशोब इथली कोणतीही अंगणवाडी सेविका तपासू शकते. तुमचे लोक ज्वारी-बाजरी खातात, आमचेही. दुष्काळाचा हिशोब मांडून सरकारला धाडायची सवयही इथे जुनी आहे. १८७७ साली रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य पुरतं असं ठरवलं, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने मुंबई सरकारला त्याविरुद्ध निवेदनं पाठवली होती.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. एल फाशेर शहर आणि शेजारच्या झमझमभोवतीचा वेढा तुमच्या सरकारने घातलेला नाही, तो तुमच्या सैन्याशी लढणाऱ्या रॅपिड सपोर्ट फोर्सेसचा म्हणजे आरएसएफचा आहे. औषधं आणि मुलांचं पोषक अन्न घेऊन निघालेले एमएसएफचे ट्रक गेल्या वर्षी त्यांनीच काबकाबियात अडवून ठेवले. १३ जून २०२४ च्या सुरक्षा परिषदेच्या २७३६ क्रमांकाच्या ठरावाने वेढा उठवण्याची मागणी केली तीही त्यांच्याकडेच, आणि त्यांनी ती धुडकावली. तरी पत्र तुम्हाला लिहितो, कारण परवान्यावर सही तुमची लागते, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची तुमची आहे, आणि झमझममधली माणसं तुमचे नागरिक आहेत. सगळे त्यांना निर्वासित म्हणतात, पण त्यांनी सीमा ओलांडलेली नाही. कायद्याच्या भाषेत ते देशांतर्गत विस्थापित आहेत, म्हणजे त्यांची पहिली जबाबदारी त्यांच्याच सरकारची. वेढा तुम्ही घातला नाही, पण वेढ्यापर्यंत यायची वाट किती अरुंद ठेवायची हे तुम्ही ठरवत आलात. आमच्या तक्रारी तेवढ्यापुरत्याच आहेत.

पहिली तक्रार शब्दाची.

१ ऑगस्ट २०२४ रोजी आयपीसीच्या दुष्काळ आढावा समितीने झमझममध्ये दुष्काळ असल्याचा निष्कर्ष दिला. (आपल्याकडे आयपीसी म्हटलं की दंडसंहिता आठवते. ही वेगळी. अन्नटंचाईची पाच टप्प्यांत वर्गवारी करणारी ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आणि पाचवा टप्पा दुष्काळाचा.) तुमच्या मानवतावादी मदत आयोगाने तो निष्कर्ष नाकारला. डिसेंबरमध्ये अबू शौक आणि अल सलाम या छावण्यांची नावं त्यात येणार, तेवढ्यात तुमच्या कृषी मंत्रालयाने आयपीसीतला सहभागच थांबवला.

शब्द गाळण्याच्या कामात आमचं राज्य तुमच्या कितीतरी पुढे आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. महाराष्ट्राने १९६३ साली खास अधिनियम करून कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढला आणि तिथे 'स्कॅर्सिटी' म्हणजे टंचाई घातली. नऊ वर्षांनी १९७२ आलं. मात्र शब्द नसला तरी तेव्हा कामं निघाली, लाल मिलो आली, कामावर सुकडी वाटली गेली. तुम्ही शब्द नाकारलात आणि ट्रकही अडवलेत. आमची तक्रार या दुसऱ्या गोष्टीची आहे.

आता निकष पाहा. दुष्काळ म्हणायला तीन गोष्टी लागतात. किमान वीस टक्के कुटुंबांची जवळजवळ पूर्ण उपासमार. वजन-उंचीनुसार तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित, किंवा दंडघेरानुसार पंधरा टक्के. आणि दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. पाच लाखांच्या वस्तीत याचा अर्थ रोज शंभर मयती. ही अट जाणूनबुजून कडक ठेवलेली आहे. ती पुरी होते तेव्हा मदत वेळेत पोहोचवायची वेळ टळून गेलेली असते. एमएसएफने तर जानेवारी २०२४ च्या पाहणीवरूनच सांगितलं होतं की या छावणीत दर दोन तासांना एक मूल दगावत असावं.

नमुना खोटा, पाहणी चुकीची, असं तुमचं म्हणणं असेल तर पुन्हा मोजा. डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, हात सैल सोडायचा, पट्टी दंडाला टेकवायची पण आवळायची नाही, आणि खिडकीतला आकडा वाचायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा. दोन्हीकडे खळगा राहिला तर सूज आहे, आणि दंड कितीही भरलेला दिसला तरी ते मूल सॅममध्येच, म्हणजे अतितीव्र कुपोषितांतच धरायचं. एका मुलाला दोन मिनिटंही लागत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये लसीकरणाबरोबर २९ हजारांहून जास्त मुलांची अशी तपासणी झाली. ३४ टक्के मुलं कुपोषित निघाली, त्यात सॅम मुलं तपासलेल्या एकूण मुलांच्या १० टक्के. एवढ्या मुलांचे दंड काही एका संस्थेच्या सोयीने बारीक होत नाहीत.

दुसरी तक्रार ट्रकांची.

आमचं सगळ्यात जास्त बोलणं इथेच आहे.

माणशी दिवसाला २,१०० कॅलरी हा आणीबाणीतला शिधा. ज्वारी ४७५ ग्रॅम, डाळ ६०, तेल ३०, मीठ ५. मिळून ५७० ग्रॅम. पाच लाख माणसांना रोज २८५ टन, महिन्याला साडेआठ हजार टन. पंचवीस टनी ट्रक धरला तर रोज अकरा-बारा गाड्या, महिन्याला साधारण ३४०. अर्धा शिधा द्यायचा म्हटलं तरी १७०. प्रत्यक्षात २०२४ च्या नोव्हेंबरात जागतिक अन्न कार्यक्रमाचा ताफा झमझमला पोहोचला, त्याची बातमी झाली. ताफा पोहोचणं ही बातमी होते यातच सगळं आलं.

शेजारच्या चाडमधून येणारी बारमाही वाट एकच, आद्रे या सीमानाक्याची. ती तुमच्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केली. त्याऐवजी उत्तरेची टिनेची वाट दाखवली. पावसाळ्यात त्या वाटेवरचे ओढे भरतात आणि ट्रक वाळूत बसतात, हे तिकडच्या कोणत्याही ड्रायव्हरला ठाऊक आहे. आद्रे पुन्हा उघडली १५ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसात आणि दुष्काळाचा निष्कर्ष येऊन दोन आठवडे झाल्यावर. त्याच महिन्यात पश्चिम दार्फुरमधला मोर्नीचा पूल पुरात पडला. त्यानंतर परवानगी तीन-तीन महिन्यांची.

तीन महिन्यांच्या परवानगीवर धान्याची साखळी बांधता येत नाही, ते का हे सांगतो. ज्वारी विकत घेणं, जहाजात भरणं, बंदरातून चाडच्या पूर्व टोकापर्यंत आणणं यालाच कित्येक महिने जातात. गोदाम भाड्याने देणारा वर्षाचा करार मागतो. ट्रकमालक परतीची खात्री मागतो. मुदत संपायला महिना राहिला की वाहतूकदार भाडं वाढवतो किंवा गाडी दुसरीकडे लावतो. मुदतवाढ शेवटच्या दोन दिवसांत आली की कागदावर रस्ता उघडाच राहतो, पण गोदामात माल नसतो. त्यावर प्रत्येक गाडीला वेगवेगळ्या खात्यांचे शिक्के, आणि त्यातला एक राहिला म्हणून उरलेला ताफा उभा.

आद्रेमार्गे आरएसएफला शस्त्रं जातात ही तुमची हरकत आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण तिचा इलाज झडती आहे. माल भरताना तपासा, सील लावा, सीलचा नंबर कळवा, उतरताना तोच नंबर पाहा. भारताने २०२१ मध्ये अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू द्यायचं ठरवलं, आणि त्यातला बराचसा २०२२ मध्ये पाकिस्तानातून नेला. दोघांचं एकमेकांवर किती प्रेम आहे ते जगाला माहीत आहे. तरी अटारीला अफगाण ट्रक आले, पोती चढली, पलीकडे माल जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताब्यात गेला. बोलणी लांबली, मुदतही वाढवून घ्यावी लागली, पण गहू पोहोचला.

विमानातून टाकण्याची सूचना अधूनमधून होते. मालवाहू विमान एका फेरीत तीसेक टन टाकू शकतं. पूर्ण शिध्याला रोज नऊ-दहा फेऱ्या लागतील. रस्त्याला हा पर्याय नाही.

तिसरी तक्रार: सगळा माल एकाच रांगेत.

सॅम मुलांचं औषध म्हणजे आरयूटीएफची पुडी. शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. पाणी लागत नाही, शिजवावी लागत नाही, कोपरा फाडून मूल थेट चोखतं. एका पेटीत १५० पुड्या, आणि सहा ते आठ आठवड्यांत एक मूल बरं व्हायला साधारण एक पेटी लागते. पाच लाखांत पाच वर्षांखालची मुलं अंदाजे ९० हजार, त्यांत १० टक्के सॅम म्हणजे नऊ हजार. नऊ हजार पेट्या, पेटी पंधरा किलोची धरून १३५ टन. सहा ट्रक!

हा एका वेळचा आकडा आहे. वर्षभरात नवी मुलं सॅममध्ये येत राहतात, म्हणून तो अडीचपट धरा, चौदा-पंधरा ट्रक होतील. अख्ख्या वर्षाचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुड्या संपत आल्या म्हणून एमएसएफला पाच हजार मुलांचे बाह्योपचार थांबवावे लागले, त्यांतली २,९०० सॅम होती. त्या २,९०० मुलांचं औषध दोन ट्रकांत मावलं असतं. आरएसएफने अडवलेले ट्रक या हिशोबात आहेतच, त्याचा दोष आम्ही तुमच्या माथी मारत नाही. पण तुमच्या बाजूच्या कागदपत्रांतही पोषक अन्नाला वेगळी, पुढची रांग नाही. ज्वारीच्या पोत्यामागे पुडीची पेटी उभी राहते.

आणि नुसत्या पुड्या पाठवूनही भागत नाही. घरात दुसरं काही नसेल तर आई एक पुडी तिघांत वाटते. वाटणारच. मग सॅम मुलाचं वजन वाढत नाही, दवाखान्याच्या रजिस्टरात ते 'प्रतिसाद नाही' म्हणून चढतं, आणि वर कोणीतरी उपचारपद्धतीलाच दोष देतं. म्हणून पुडीबरोबर त्या घराला शिधा गेला पाहिजे.

शिधा नाही तिथे लोक काय खातात? शेंगदाण्याचं तेल गाळल्यावर उरलेली पेंड. तिकडे तिला अंबाज म्हणतात. विदर्भात हिलाच ढेप म्हणतील आणि गाईपुढे ठेवतील. ओल लागलेल्या ढेपेवर हिरवट बुरशी धरते, तिचं विष यकृतावर जातं. आपल्याकडचा शेतकरी अशी ढेप दुभत्या जनावरालाही घालत नाही.

चौथी तक्रार डिझेलची. छावणीला नाव मक्केच्या पवित्र झऱ्याचं आहे, एवढंच म्हणून पाण्याच्या हिशोबाकडे येतो. माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान, साडेसात लिटर हे नुसतं जगण्यापुरतं. साडेसातने पाच लाखांना साडेसदतीस लाख लिटर लागतात. आपल्या भाषेत दहा हजारी टँकरच्या ३७५ खेपा. टँकर तिथे शक्य नाहीत, बोअरच चालवावे लागतात. ताशी पाच हजार लिटर देणारी बोअर सोळा तास चालली तर ऐंशी हजार लिटर, म्हणजे अशा ४७ बोअर. पंधरा केव्हीएचा जनरेटर ताशी तीन-साडेतीन लिटर डिझेल खातो. एकूण रोज अडीच हजार लिटर, चार दिवसांना एक टँकर.

डिझेल हे युद्धसामग्री म्हणून अडवलं जातं, दोन्ही बाजूंनी. परिणाम पाण्यापुरता राहत नाही. गिरणी बंद पडते. मग अख्खी ज्वारी उकडून खावी लागते. तिला सरपण दुप्पट लागतं, सरपणाला बायका छावणीबाहेर जातात, आणि बाहेर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लहान मुलाला अख्खा दाणा पचत नाही, तो तसाच पडतो. मग पीठच का पाठवत नाही, असं कार्यालयात बसलेला माणूस विचारतो. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं आणि ज्वारीचं काही आठवड्यांत, हे आमच्याकडे घराघरात ठाऊक आहे. महिनोन्महिने वाटेत अडकणाऱ्या ट्रकमध्ये पीठ भरता येत नाही. आणि जिथे एखादी गिरणी चालते तिथे दळणावळ धान्यातच कापली जाते. शिध्याचा हिशोब करताना हा भाग कोणी धरत नाही. धरायला हवा.

पाचवी, थोडक्यात. छावणीतल्या सामूहिक चुली चालवतात ते तरुण स्वयंसेवक, आपत्कालीन कक्षवाले, म्हणजे 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम' नावाच्या स्थानिक गटांतले. अमेरिकी निधी जानेवारीत थांबल्यावर देशभरातल्या अशा बहुतेक चुली विझल्या. उरलेल्या परदेशातल्या नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवलेल्या पैशावर चालतात. या मुलांना दोन्ही बाजूंनी पकडलं आहे, समोरच्याचे हेर म्हणून. ज्यांचं पद नाही, पगार नाही, अशा माणसांना पकडून तुमच्या सरकारला काय मिळालं, ते आम्हाला कळलेलं नाही.

मागण्या

या सगळ्या तुमच्या सरकारच्या एका सहीत बसणाऱ्या आहेत, आणि पावसाआधी करायच्या आहेत. जूनमध्ये ओढे भरायला लागतील. मेळघाट, भामरागडसारख्या भागांत महाराष्ट्र सरकार पावसाळ्याचं धान्य पावसाआधी नेऊन ठेवतं, कारण नंतर पूल पाण्याखाली जातात. तुमच्या हातात मार्च, एप्रिल आणि मे एवढेच महिने आहेत.

१. आद्रेची परवानगी बिनमुदत करा. माल भरण्याच्या ठिकाणी तपासणी आणि सील, त्यानंतर वाटेत तुमच्या हद्दीत पुन्हा शिक्का नाही.

२. ताफ्याच्या अर्जाला एकच खिडकी. ७२ तासांत उत्तर, नकार असेल तर लेखी कारणासह. उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरलं जाईल.

३. आरयूटीएफ, उपचारात्मक दूध, गोवराची लस आणि क्लोरिन यांना शिध्यापासून वेगळी रांग. पहिले सहा ट्रक याच महिन्यात सोडा.

४. पाण्यासाठी रोज अडीच हजार लिटर आणि गिरण्यांना लागेल तेवढं डिझेल, संयुक्त राष्ट्रांच्या मोजमापाखाली. सौरपंपांच्या पॅनेलांना आडकाठी नको.

५. आयपीसीत परत या. तिथे जायचंच नसेल तर स्वतंत्र पाहणीला वाट द्या आणि तिचे आकडे जसेच्या तसे छापा.

६. तुमच्या बाजूच्या संयुक्त दलाचे लढवय्ये छावणीच्या वस्तीत आणि दवाखान्याजवळ नकोत. त्यांच्यामुळे आरएसएफला गोळे टाकायला निमित्त मिळतं. निमित्त मिळालं म्हणून गोळे टाकणं क्षम्य ठरत नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

७. स्वयंसेवकांना सोडा, आणि त्यांच्या चुलींना नोंदणीच्या जाचातून वगळा.

आमच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे दोनच गोष्टी मागतो. आरयूटीएफ भारतात बनते आणि इथून परदेशी जाते. १३५ टन ही भारतासाठी मोठी गोष्ट नाही. ती भारताच्या नावाने द्या आणि आद्रेमार्गेच न्यायचा आग्रह धरा. आणि एप्रिल-मे २०२३ मध्ये 'ऑपरेशन कावेरी'त आपले ३,८०० हून अधिक लोक सुदानमधून सुखरूप बाहेर काढताना तुम्ही दोन्ही बाजूंशी बोललात. ते फोन नंबर अजून असतील.

पत्रातले शिध्याचे, पुड्यांचे, पाण्याचे आणि डिझेलचे हिशोब आम्ही पाच लाख लोकसंख्या धरून केले आहेत. तुमच्या दप्तरी वेगळा आकडा असेल तर कळवावा, त्याने गुणून नवा तक्ता आठ दिवसांत पाठवू.

आपले,
कुपोषण, पाणीपुरवठा आणि शिधावाटप क्षेत्रांतील स्वाक्षरीकर्ते